दुसऱ्या दिवसाचं भाषण

प्रिय नाना,

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जळगावात, तुझ्याच कॉलेजच्या सभागृहात, तुझ्या तोंडी एक वाक्य घालण्यात आलं. नुसतं घातलं नाही, दगडात कोरलं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं: 'कमी व्याज, हमखास विकास.' खाली तुझं नाव.

तू गेल्याला वर्ष झालं. या वर्षात मी तुला एक ओळही लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्रं लिहिणं मला नेहमी नाटकी वाटत आलं. पण हे दुसऱ्या कुणाला लिहू? ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांनी त्या वाक्याला टाळ्या वाजवल्या. राहिलास तू. तेव्हा धुळ्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे, आणि रागात लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते.

झालं असं की तुझ्या विद्यार्थ्यांनी तुझी स्मृती समिती काढली. अध्यक्ष सुधाकर. तुझा जुना विद्यार्थी, आता बांधकामवाला, अर्ध्या जळगावात त्याचे फ्लॅट. कॉलेजला नवं वाचनालय त्यानेच बांधून दिलं, त्याला तुझं नाव देणार आहेत. हा दगड त्या वाचनालयाच्या दाराशी बसायचा आहे, येत्या रविवारी. गेल्या रविवारी फक्त अनावरण होतं.

सुधाकरने पडदा ओढला. मी पहिल्या रांगेत. वाक्य वाचलं आणि सिस्टरांनी शिकवलं होतं तसा आधी हात वर केला. तू माझ्या कॉन्व्हेंटला जन्मभर हसलास. तू नगरपालिकेच्या शाळेत आणि मी नन्सकडे, ही वडिलांची लहर, माझी नव्हे. पण सिस्टरांनी एक गोष्ट पक्की बसवली: चूक दिसली तर पाठीमागे कुजबुजायचं नाही, समोर उभं राहून सांगायचं. हात कुणी पाहिला नाही. मग मी उभी राहिले.

"हा दगड चुकला आहे," मी म्हणाले.

सूत्रसंचालन करणारी मुलगी गोंधळली. प्रमुख पाहुणे हसले, आणि माइकवरून म्हणाले, "अक्कांच्या भावना आपण सगळे समजू शकतो."

"भावना नाहीत. माझा भाऊ असं मानत नव्हता, एवढंच सांगते आहे."

पुढे काय झालं असेल, ओळख. मला शाल आणि नारळ दिला. आपल्याकडे बाईला गप्प बसवायचं असलं की तिचा सत्कार करतात. मी शाल खुर्चीवर ठेवली, नारळ पाहुण्यांच्या टेबलावर ठेवला आणि धुळ्याची बस पकडली.

कमी व्याज, हमखास विकास! नाना, तू 'हमखास' हा शब्द तरी कधी वापरलास का रे? परीक्षेला कोणता प्रश्न येईल असं पोरांनी विचारलं तरी तू 'बहुधा' म्हणायचास.

आणि व्याज. तुझ्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले की व्याज म्हणजे थांबण्याची किंमत. एक जण थांबतो म्हणून दुसऱ्याला आज घेता येतं. किंमत पाडली की थांबणारा मरतो. 'कर्जदार सभा घेतो, मोर्चा काढतो, मंत्र्याला भेटतो,' तू म्हणायचास, 'ठेवीदार रांगेत एकटा उभा असतो, पासबुक भरून घेतो आणि घरी जातो.' सोनगीरची मावशी आठवते? बँकेतलं व्याज उतरत गेलं, महिन्याचं गणित बसेना, म्हणून तिने ठेव मोडली आणि जास्त व्याजाची पाटी लावलेल्या एका पतसंस्थेत नेऊन ठेवली. ती बंद पडली. मावशी त्या संस्थेच्या दाराच्या पायरीवर बसून राहिली होती, तू तिला उचलून आणलंस. त्या दिवसापासून 'स्वस्त कर्ज' हे शब्द कुणी उच्चारले की तू विचारायचास, 'कोणाच्या जिवावर?'

आणि या माणसाच्या नावाखाली त्यांनी काय कोरलं?

पण तू उलट्या बाजूचा भगतही नव्हतास, आणि तीच खरी अडचण आहे. मध्ये कापसाचा धंदा बसला, जिनिंगची चाकं थांबली, वडिलांनी जिथे कारकुनी केली तिथल्या फाटकाला कुलूप लागलं, तेव्हा तूच पेपरात लिहिलंस की व्याजदर ताबडतोब उतरवले पाहिजेत. मध्यवर्ती बँक उशीर करते आहे, असं लिहिलंस. तुझे मित्र म्हणाले, नानाने पक्ष बदलला. तू म्हणालास, 'घोंगडी हिवाळ्यात पांघरतो, वैशाखात घडी करून ठेवतो. त्यात पक्ष कसला?'

हे दगडावर कसं मावणार?

त्या वांग्याच्या भरताची आठवण परवापासून डोक्यात आहे. यावलकडच्या मळ्यात आपण सगळे जमलो होतो, थंडी कडाक्याची, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला. हिरवी लांब वांगी आगीत. तू थोड्याच वेळात तुझी वांगी बाहेर काढलीस. सगळे ओरडले, कच्ची आहेत. तू म्हणालास, 'आत शिजताहेत. थांबा.' आमचे हे काही थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आपला वाटा पुन्हा जाळात सारला, वर आणखी पऱ्हाट्या टाकल्या. शेवटी लाकडी भांड्यात ठेचायला घेतलं तेव्हा तुझं वांगं लोण्यासारखं, आणि यांचं? आईने एकदा बघितलं आणि आपल्या साक्रीच्या बोलीत निकाल दिला, "जवाईबानं वांगं कोयसा व्हयी गयं." जावयाच्या वांग्याचा कोळसा झाला, हे ऐकून हे चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात तू वर्गात पतधोरण शिकवलंस ते भरतावरून. मध्यवर्ती बँकेने दर वाढवला की बाजार लगेच थंड होत नाही. दर आज बदलतो, त्याचा परिणाम आत शिरायला कित्येक महिने लागतात. बाहेरून साल हिरवी दिसते म्हणून जो जाळ वाढवत जातो, त्याच्या हाती कोळसा येतो. आणि जो घाबरून लवकर विझवतो, त्याच्या हाती कच्चं. 'गव्हर्नरचं निम्मं काम दर बदलण्याचं आहे,' तू म्हणायचास, 'आणि निम्मं हात मागे बांधून उभं राहण्याचं.'

एवढं स्वच्छ सांगणारा माणूस. मग हे वाक्य आलं कुठून?

ते मला परवा, सोमवारी कळलं. सुधाकर स्वतः धुळ्याला आला. पेढे घेऊन. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही सभेत मला खोटं पाडलंत."

"तुला नाही. दगडाला."

"पण अक्का, सर स्वतः म्हणाले होते. मी पहिल्या बाकावर होतो. तासभर बोलले, घड्याळ बघितलं नाही. कमी व्याजाने कारखाने येतात, घरं होतात, पोरांना कामं मिळतात. माझ्या अंगावर काटा आला होता. त्या तासाने मी धंद्यात पडलो. खोटं कशाला सांगू?"

माणूस खोटं बोलत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं, आणि नाना, खरं सांगते, त्या क्षणी मला सुधाकरपेक्षा तुझा राग जास्त आला.

"आणि दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी काय?"

"दुसऱ्या दिवशीच्या तासाला होतास का?"

तो पेढ्यांच्या पुड्याकडे बघायला लागला. "दुसऱ्या दिवशी आम्ही एरंडोलला गेलो होतो. पद्मालयाला. चार मोटरसायकली काढून."

झालं. गणपतीच्या दर्शनाला गेला आणि अर्धा नाना घेऊन आला.

तुझी ती पद्धत! जे आपल्याला पटत नाही, ते पहिल्या दिवशी सगळ्या ताकदीनिशी मांडायचं. इतकं की विरोधकाने येऊन पाया पडावं. आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसून एकेक वीट काढायची. 'दुसऱ्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं नाही, तर ते खोडायचा हक्क नाही,' हे तुझं तत्त्व. फार उदात्त. पण पोरं दुसऱ्या दिवशी येतीलच, हे तू कशावरून धरून चाललास? आयुष्यभर अनिश्चिततेवर शिकवलंस आणि हजेरीवर एवढा विश्वास?

बरं, कॉलेजच्या वार्षिकात छापायला तू पहिल्या दिवसाचं भाषण दिलंस. का? तर ते जास्त चांगलं जमलं होतं म्हणून. मी तेव्हा म्हटलं होतं, 'दुसरंही दे.' तू हसून म्हणालास, 'ते ज्यांना हवं ते ऐकायला येतील.' कोण आलं, नाना? सुधाकर आला नाही. त्याच्याबरोबरच्या चार मोटरसायकली आल्या नाहीत. मी आले होते, रजा टाकून, धुळ्याहून एसटीने. शेवटच्या बाकावर पोरींच्या शेजारी बसून ऐकलं.

मला तो तास पाठ आहे. तू आत आलास आणि विचारलंस, "काल माझं कोणाकोणाला पटलं?" सगळ्यांचे हात वर. "छान. काल तुम्ही सगळे कर्जदार होतात. मी तुम्हाला विचारलंही नाही. आज सगळे ठेवीदार व्हा." आणि मग सुरू. कर्ज स्वस्त झालं की घर स्वस्त होतं का? आधी जागेचा भाव चढतो. वीट रचायच्या आत चढतो. फायदा जागा विकणाऱ्याचा, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात तेच घर, फक्त हप्ते लांबलेले. पावसाने कांदा सडला तर व्याज वाढवून कांदा उगवणार आहे का? नाही. पण सगळं महागतच जाणार असं एकदा लोकांच्या मनात बसलं, तर मग ते मन वळवायला व्याज वाढवावंच लागतं, आणि ते काम निवडणुकीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचं नाही. म्हणून मध्यवर्ती बँकेला नाही म्हणता आलं पाहिजे. सरकारलाही.

एक पोरगी म्हणाली, "सर, पण ती बँक चुकली तर?"

"चुकणारच. फक्त चुकली की तसं तिने मराठीत छापावं. तुझ्या आजीला वाचता येईल अशा मराठीत."

वर्ग हसला. तू हसला नव्हतास.

मग तू त्यांना आपल्या आईची गोष्ट सांगितलीस. दर वर्षी कापसाचे पैसे हातात आले की ती जळगावच्या सराफाकडून सोन्याचा एखादा मणी घ्यायची. तू म्हणालास, माझी आई शाळेत गेली नाही, पण दर वर्षी ती नोटेबद्दलचं आपलं मत नोंदवून येते. ज्या साली मणी घ्यावासा वाटला नाही, ते साल मध्यवर्ती बँकेचं चांगलं. ज्या साली दोन घेतले, ते वाईट. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मले मनी आवडस म्हनीसन लेस. याले काय व्हयनं?" तिला मणी आवडायचा म्हणून ती घ्यायची, बस. तूही ते पुढच्या वर्षी वर्गात सांगून टाकलंस. असा तू. आपलाच दाखला मोडणारा.

सुधाकरला हे सगळं मी सांगितलं. तो ऐकत होता, हे कबूल करते. शेवटी म्हणाला, "अक्का, मग सरांचं खरं वाक्य काय? तुम्ही द्या. शनिवारी सकाळपर्यंत द्या, मी रातोरात दुसरा दगड करतो. पण एक ओळ. लोक उभ्या उभ्या वाचतात. नाही मिळाली तर समिती हाच बसवणार, पाहुण्यांना बोलावून झालं आहे."

मला वाटलं, सोपं आहे. काल दिवसभर बसले. एकही ओळ मिळाली नाही. कमी व्याज म्हणावं तर तू नाहीस. जास्त व्याज म्हणावं तर तू नाहीस. 'बघू, अजून आकडे येऊ देत' हे तुझं सगळ्यात खरं वाक्य, ते कोणी वाचनालयाच्या दारावर लावेल का?

आज सकाळी सुधाकरला फोन केला. "ओळ मिळणार नाही. दगडावर नुसतं नाव घाल."

"नुसतं नाव? अक्का, एवढा मोठा दगड मोकळा?"

"तोच दगड उलटा कर. मागच्या बाजूला कोर."

"मागची बाजू पॉलिश नसते."

"नानाही नव्हता."

तो हसला, पण सावध हसला. मग मी दुसरी गोष्ट मागितली. रविवारी मला पाऊण तास हवा. तुझं दुसऱ्या दिवसाचं भाषण मी देणार. त्याने आधी वेळ लिहून घेतली. मग म्हणाला, "भाषणात मला बोलणार का?"

"तुला कशाला? तू एकदा दांडी मारलीस. समितीने तर दगड मारला."

"समितीला विचारतो, अक्का. कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे."

विचारू दे. समिती हो म्हणो की नाही म्हणो, मी रविवारी जळगावला असेन. माइक दिला तर माइकवर, नाही दिला तर वाचनालयाच्या दारात, त्या दगडासमोर. बँकेत नोकरीला होते तेव्हा माझा आवाज तिजोरीच्या खोलीपर्यंत जायचा, हे तुला माहीत आहे. आणि या वेळी माझ्या हातात कुणी नारळ दिला तर तो तिथेच फोडीन.

आता एक शेवटचं, आणि हे आपल्या दोघांतलं आहे.

त्या भाषणात एक जागा आहे जिथे तुझं माझं कधी पटलं नाही. मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला होते. व्याजदर उतरला की ठेवींच्या दराची पाटी मी दुसऱ्याच सकाळी बदलायचे; वरून तसा आदेश यायचा. कर्जाचा दर मात्र फेरआढाव्याची तारीख आल्याशिवाय हलायचा नाही. तू फोनवर विचारलंस, 'ठेवीदाराला तारीख का नाही?' मी म्हटलं, 'हे मला विचारू नकोस, दर ठरवणाऱ्या तुझ्या विद्वानांना विचार. त्यांच्यातला एक तरी नुसत्या व्याजावर जगतो का?' माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: दर ठरवणाऱ्या समितीत एक खुर्ची अशा माणसाला द्या, ज्याचा किराणा ठेवीच्या व्याजातून येतो. तू म्हणालास, उद्या कांदेवाला खुर्ची मागेल, परवा सराफ, आणि मग ती समिती राहणार नाही, आठवडी बाजार होईल. जाणत्यांना त्यांचं काम करू द्यावं.

मी म्हटलं होतं, बाजारात निदान भाव समोरासमोर ठरतो.

तू फोन ठेवलास. दोन महिने आपण बोललो नाही. पुढे बोललो, पण हा विषय दोघांनीही टाळला, आणि मग तू गेलास. वाद अर्ध्यावर टाकून जायची ही कुठली रीत?

तेव्हा ऐक. तुझं दुसऱ्या दिवसाचं भाषण मी जसंच्या तसं देईन, तुझा एकही मुद्दा गाळणार नाही, आणि जिथे मला पटत नाही तिथेही तुझी बाजू तुझ्याइतक्याच ताकदीने मांडीन, हा माझा शब्द. तुझ्या नावाखाली खोटी ओळ मी राहू देणार नाही, हा दुसरा. पण तुझं संपल्यावर मी पाणी पिईन आणि माझं म्हणणं माझ्या नावावर सांगेन: दर ठरवणाऱ्या समितीत ठेवीदाराची खुर्ची हवी, आणि माझा भाऊ या बाबतीत चूक होता.

यावर तुझी हरकत असेल तर ती लेखी कळव. शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार नाही, स्वप्नात येऊन तर मुळीच नाही.

उत्तर आलं नाही, तर मी बोलणार.

तुझी धाकटी बहीण,
प्रमिला
धुळे, बुधवार